श्या राजवंश

श्या राजवंश : चिनी परंपरेनुसार चीनचा पहिला राजवंश. २००० मध्ये चीनच्या शासकीय कालनिर्णय प्रकल्पाने त्याचा काळ इ. स. पू. सु. २०७०–१६०० असा मानला. संस्थापक यू. त्याचा पिता गुन याने बांध घालून पूर अडवू पाहिला आणि तो अपयशी ठरला. यूने पात्रे खोदून पाणी समुद्राकडे काढून दिले. या कामात तो तीनदा स्वतःच्या दारावरून गेला, पण घरात शिरला नाही, अशी कथा आहे. त्याचा मुलगा छी गादीवर आला आणि राज्य वंशपरंपरागत झाले. अखेरचा जुलमी राजा ज्ये याला शांग वंशाच्या थांगने पदच्युत केले.

समकालीन लेख एकही नाही. शांगकालीन अस्थिलेखांतही या वंशाचा निर्विवाद उल्लेख नाही. हनान प्रांतातील अर्लितौ (शोध १९५९) येथे राजवाड्यांचे चौथरे, काशाची मद्यपात्रे आणि एका दफनात मृताच्या अंगावर ठेवलेली, पिरोजाच्या २,००० हून अधिक तुकड्यांची ड्रॅगनाकृती मिळाली. अनेक चिनी संशोधक हीच श्या राजधानी मानतात. लेखी पुराव्याविना ही ओळख पक्की समजणे घाईचे होईल. ‘ह्वाश्या’ या चिनी लोकांच्या प्राचीन नावात हा शब्द आजही आहे.