ई-सिगारेटचं व्होल्टेज वाढवलं की नेमकं काय होतं?

ई-सिगारेटमधली कॉइल तापून द्रवाची वाफ करते. व्होल्टेजच्या वर्गाला कॉइलच्या रोधाने भागलं की वॅट मिळतात. ३.७ व्होल्टवर १.८ ओहमची कॉइल ७.६ वॅट ओढते, ०.५ ओहमची थेट २७! म्हणूनच सेटिंगशी खेळणं वाटतं तितकं साधं नाही. २०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांना ३.३ व्होल्टच्या वाफेत न आढळलेली, फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं ५ व्होल्टवर आढळली. इतकी करपट वाफ कुणी ओढत नाही, असा आक्षेपही आला.

नागपुरात पानठेल्यावर असो की ऑनलाइन, २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटची विक्री गुन्हा आहे. पहिल्यांदा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सुटी कॉइल विकणाराही सुटत नाही, कारण सुटे भागही बंदीत येतात.