कॅनरी : कुत्र्यांच्या नावाचा पक्षी

इंग्लंडमधल्या नॉर्विच सिटी या फुटबॉल क्लबचं बोधचिन्ह कॅनरी. त्याच्या नावात मात्र कुत्रा दडलेला आहे! लॅटिनमध्ये ‘कॅनिस’ म्हणजे कुत्रा. अटलांटिकमधल्या एका बेटावर मोठाले कुत्रे फार, म्हणून त्याचं नाव ‘कॅनारिया’ पडलं, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. त्यातले दोन कुत्रे मॉरेटानियाचा राजा जुबा याच्याकडे नेले होते, हेही त्यानं नोंदवलंय. पुढे साऱ्या द्वीपसमूहाला तेच नाव मिळालं आणि तिथल्या गाणाऱ्या पक्ष्यालाही. (आपल्या कॅनरा बँकेतला ‘कॅनरा’ वेगळा, तो कन्नडवरून आला.)

सोळाव्या शतकात नेदरलँड्सच्या प्रदेशातून परागंदा झालेले विणकर नॉर्विचला आले. ते आपल्यासोबत कॅनरी घेऊन आले, असं मानतात. पुढे हे शहर कॅनरीच्या पैदाशीसाठी नावाजलं. 1902 साली स्थापन झालेला क्लब आधी निळ्या-पांढऱ्या पोशाखात खेळे. 1907 मध्ये त्यानं पिवळा-हिरवा रंग घेतला.

मूळ रानपक्षी काही असा पिवळाधमक नसतो. चिमणीहून थोडा लहान, हिरवट पिवळा, पाठीवर तपकिरी रेघा. गातो तो प्रामुख्यानं नर. पिवळा रंग माणसानं पिढ्यान् पिढ्या निवड करून आणला. एकोणिसाव्या शतकात तर पीस झडण्याच्या दिवसांत लाल मिरची खाऊ घालून त्याला नारिंगी छटा आणत. मला मात्र तो रेघांचा रानकॅनरीच अधिक देखणा वाटतो. कॅनरी, मदेरा आणि अझोर्स बेटांवर तो आजही मोकळा गातो.