घरात समुद्र ठेवायचा, तर बिल कोण भरणार?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वरवट बकालच्या गटातल्या एका वहिनींनी अंतर्गत कर्ज काढून जुना डीप फ्रीजर घेतला. घरी कुल्फी करायची आणि पोरांना विकायची, असा विचार. कुल्फी चांगली खपली. पण दुसऱ्या महिन्यात वीजबिल आलं आणि वहिनी बैठकीत गप्प बसून राहिल्या. नफा सगळा बिलात गेला होता. कर्जाचा अर्ज मीच भरला होता. त्यात फ्रीजरची किंमत होती, दुधाचा खर्च होता, साखर, काड्या, सगळं होतं. विजेचा रकाना नव्हता. चूक माझी होती.

त्याच आठवड्यात माझा भाचा पुण्याहून आला. तो शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला आहे. लोकांच्या घरी जाऊन काचेच्या टाक्या साफ करतो. बिलाचा विषय निघाला तसा तो हसून म्हणाला, "मावशी, तिकडं लोकं माशायले पंखा लावतात!" मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्यानं समजावून सांगितलं, तेव्हा पटलं. खाऱ्या पाण्याची टाकी घरी ठेवणाऱ्यांचं बिल मोठं येतं आणि ते कमी कसं करायचं याचा विचार ते लोक वर्षानुवर्षं करत आलेत. मग मी त्याचा इतिहास वाचत गेले. तो आज तुम्हाला सांगते, कारण त्यात आपल्या कामाचं बरंच आहे. आणि या इतिहासाची सुरुवात दोन बायांपासून होते.

पहिली बाई झान विलप्रो-पॉवर. ती 1794 साली फ्रान्समधल्या एका खेड्यात जन्मली. बाप चांभारकाम करणारा. अठराव्या वर्षी ती कामासाठी पॅरिसला पायी निघाली, चारशे किलोमीटरच्या वर अंतर. तिथं कपडे शिवणाऱ्या बाईकडे कामाला लागली आणि पुढे एका राजकन्येचा लग्नाचा पोशाख शिवण्याइतकी तयार झाली. लग्नानंतर ती सिसिली बेटावर राहायला गेली. हे बेट भूमध्य समुद्रात आहे. आपल्या काळ्या मण्यांत जे लाल पोवळं ओवतो, ते याच समुद्रातलं. पोवळं म्हणजे दगड नाही, बरं का. बारीक बारीक जीव एकत्र राहून जे कवच बांधतात, ते पोवळं. पुस्तकात त्याला प्रवाळ म्हणतात.

झानला समुद्रातल्या एका जीवाचा अभ्यास करायचा होता. तो शंखात राहतो, पण तो शंख स्वतः करतो की दुसऱ्याचा चोरतो, यावर मोठमोठे विद्वान भांडत होते. मेलेला जीव बाटलीत ठेवून हे कळणार कसं? तिनं 1832 साली काचेची टाकी करून घेतली, त्यात समुद्राचं पाणी भरलं आणि जिवंत जीव डोळ्यांसमोर ठेवला. समुद्रात नांगरून ठेवायचे पिंजरेही केले. तो जीव आपला शंख आपणच करतो, हे तिनं दाखवून दिलं. समुद्र दाराशी होता, त्यामुळे पाणी ताजं मिळत होतं. खर्च होता तो माणसाच्या हातांचा.

दुसरी बाई ॲना थिन. इंग्लंडमधल्या मोठ्या घरातली, धर्मगुरूची बायको. 1846 साली ती समुद्रकाठच्या टॉर्की गावी गेली असताना तिला जिवंत प्रवाळ दिसले आणि ते लंडनला घरी न्यावेसे वाटले. वाटेत आपटून मरू नयेत म्हणून तिनं ते सुईदोऱ्यानं एका मोठ्या स्पंजाला टाचून टाकले. आता लंडनला समुद्र नाही. पाणी लांबून मागवावं लागायचं आणि ते शिळं झालं की जीव गुदमरायचे. कारण पाण्यातला जीवही श्वास घेतो आणि पाण्यात मिसळलेली हवा संपली की तो मरतो.

मग ॲनाबाईंनी काय केलं? घरातल्या एका लहान मोलकरणीला उघड्या खिडकीपाशी उभं केलं. तिनं एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतायचं, पुन्हा पहिल्यात ओतायचं. आपण चहा गार करतो, तसं. अर्धा तास, पाऊण तास. त्यानं पाण्यात हवा मिसळायची. हे काम थकवणारं आहे, पण त्या मुलीला मालकिणीला खूश करायचं होतं आणि तिला त्यात गंमतही वाटायची, असं ॲनाबाईंनी पुढे लिहून ठेवलं. म्हणजे त्या मुलीला काय वाटत होतं, ते आपल्याला मालकिणीच्या तोंडून कळतं.

मैत्रिणींनो, घरातल्या समुद्राचा पहिला पंप म्हणजे त्या मुलीचे हात. आज टाकीखाली जी मोटर गुरगुरते, ती तेच काम करते.

पुढच्या वर्षी, 1847 साली, ॲनाबाईंनी टाकीत समुद्री वनस्पती सोडल्या. उन्हात वनस्पती पाण्याला प्राणवायू देतात. त्यामुळे पाणी टिकायला लागलं. तिचे प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले. खर्च कमी करण्याचा हा पहिला धडा. ऊन फुकट आहे आणि वनस्पतीही फुकट काम करते. 1853 साली लंडनच्या प्राणीसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि मग हा छंद श्रीमंतांच्या घराघरात गेला.

आपल्याकडे मुंबईला मरीन ड्राइव्हवर 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद उद्घाटनाला आले होते. तारापोरवाला नावाच्या दात्यानं दोन लाखांची देणगी दिली होती, म्हणून त्यांचं नाव. समुद्र समोरच, म्हणून पाणी पंपानं थेट आत घेता येत होतं. कोकणात सहलीला गेलेली कितीतरी शाळकरी मुलं वाटेत तिथं थांबली असतील.

पण घरच्या टाकीला समुद्र जवळ नसतो. तिथं विजेवरच भागवावं लागतं. यावर 1961 साली जकार्ताच्या ली चिन एंग नावाच्या माणसानं एका मासिकात आपली रीत लिहिली. त्यानं समुद्रातले जिवंत जीवजंतू चिकटलेले दगड टाकीत ठेवले. ते जीवजंतूच घाण खाऊन पाणी शुद्ध ठेवायचे. उजेड सूर्याचा आणि हवेचे थोडे बुडबुडे, बस्स. जकार्ता गरम गाव, त्यामुळे पाणी तापवायचीही गरज नाही.

युरोपात मात्र ऊन कमी आणि थंडी फार. प्रवाळाला उजेड लागतोच, कारण त्याच्या अंगात अगदी बारीक शेवाळ राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि प्रवाळाला खाऊ घालतं. म्हणून 1980 नंतर तिकडच्या छंदी लोकांनी मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे लावले. एकेक दिवा 250 किंवा 400 वॉटचा. प्रवाळ छान वाढले. पण दिवे तापायचे, त्यानं पाणी तापायचं आणि प्रवाळाला तर 24 ते 27 अंशांच्या आसपासचंच पाणी मानवतं. मग पाणी गार करायला चिलर आला. म्हणजे आधी वीज खर्चून पाणी तापवायचं आणि पुन्हा वीज खर्चून ते गार करायचं!

इथं जरा हिशेब करू. वही असेल तर घ्या. वॉट गुणिले तास, भागिले हजार, म्हणजे युनिट. 250 वॉटचे दोन दिवे दहा तास लावले तर दिवसाला 5 युनिट, महिन्याला 150. शंभर वॉटचा पंप लहान दिसतो, पण तो चोवीस तास चालतो. दिवसाला 2.4 आणि महिन्याला 72 युनिट. 300 वॉटचा चिलर बारा तास चालला तर महिन्याला 108. सगळे मिळून 330 युनिट, एका टाकीचे. माझ्या भाच्याला लोक विचारतात, "दिवा बदलू का?" तो म्हणतो, आधी चोवीस तास काय चालतं ते बघा.

हा खर्च खाली आला तो तीन वाटांनी. पहिली वाट एलईडीची. जपानी शास्त्रज्ञांनी निळा उजेड देणारा एलईडी तयार केला, त्यासाठी 2014 साली तिघांना नोबेल मिळालं. निळ्यापासूनच पांढरा एलईडी करता आला आणि प्रवाळातल्या शेवाळालाही निळाच उजेड जास्त उपयोगी. आपल्या घरात 2015 पासून उजाला योजनेतून जे स्वस्त बल्ब आले, ते याच शोधाचे. टाकीवर 500 वॉटच्या जागी 150 वॉट पुरले, तर महिन्याचे 150 युनिट 45 वर येतात.

दुसरी वाट मोटरची. नव्या पंपांत बीएलडीसी जातीची मोटर असते. साधा छताचा पंखा 70-75 वॉट घेतो आणि बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास घेतो, तसंच पंपाचं. शंभराच्या जागी 40 वॉटचा पंप बसला तर 72 युनिटांचे 29 होतात.

तिसरी वाट म्हणजे तो पंखा. टाकीच्या पाण्यावरून वारा सोडला की पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेलं गार होतं. आपला माठ, आपला कूलर याच न्यायानं चालतो. पाणी दोन-चार अंश उतरतं आणि चिलरची वीज वाचते. मुंबईच्या दमट हवेत हे नीट साधत नाही, कोरड्या हवेत चांगलं साधतं. एक मात्र आहे. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून वरून गोडंच पाणी घालावं लागतं, नाहीतर टाकी जास्त खारी होत जाते. हे पूर्णेकाठच्या आपल्या खारपाणपट्ट्यातल्या बाईला वेगळं सांगायला नको. उन्हानं पाणी उडून जमिनीवर राहिलेला पांढरा थर आपण रोज बघतो. आणि वैशाखात आपल्याकडं जे ऊन असतं, त्यात नुसता पंखा पुरणार नाही, हेही खरं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे ऐकून कुणी प्रवाळ विकत आणू नका. आपल्या देशात 2001 सालापासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रातून ते काढणं, विकणं गुन्हा आहे. बघायचेच असतील तर आपल्या राज्यात मालवणचा समुद्र आहे, 1987 साली तो सागरी अभयारण्य झाला. तिथं समुद्राचं बिल सूर्य भरतो.

आता वहिनींच्या फ्रीजरकडे येते. भाचा घरी गेला, फ्रीजर बघितला. टिनाच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला लावलेला. दुपारभर भिंत तापायची आणि फ्रीजर त्या उष्णतेशी भांडत बसायचा. झाकणाचं रबर सैल झालेलं. कागद अडकवून झाकण लावलं तर कागद सहज निघून यायचा, म्हणजे गारवाही तसाच बाहेर जात होता. आम्ही हिशेब केला. 200 वॉटचा फ्रीजर दिवसातून सोळा तास चालत होता, म्हणजे महिन्याला 96 युनिट. घरचे 80 होतेच. बेरीज शंभराच्या पुढे गेली आणि शंभराच्या पुढच्या युनिटाचा दर एकदम चढतो. मार बसला तो तिथं.

रबर बदललं. फ्रीजर आतल्या सावलीच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर लांब ठेवला. पोरांसाठी सारखं झाकण उघडणं बंद केलं, सकाळीच दिवसभराच्या कुल्फ्या थर्मासच्या डब्यात काढून ठेवल्या. बिल खाली आलं. फार नाही, पण हप्ता निघेल इतकं. यंदाही वहिनी कुल्फी करणार आहेत.

आणि आमच्या गटाच्या कर्जाच्या अर्जात आता एक नवा रकाना आहे. यंत्र किती वॉटचं, दिवसाला किती तास चालणार, महिन्याला किती युनिट. पिठाची गिरणी असो, शिलाई मशीनची मोटर असो, आरओ असो, हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. तुमच्या गटातही घाला.

आज घरी गेल्यावर एक करा. रात्री सगळे झोपल्यावर घरात काय काय चालू आहे, ते कान देऊन ऐका आणि वहीत लिहा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या.