मेलेल्या राक्षसाची पुढची गोष्ट



मंचर-घोडेगावच्या रस्त्याने भीमाशंकरास आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. पायऱ्या उतरून खाली जावे, दर्शन घ्यावे, दाट झाडीतला गार वारा अंगावर घ्यावा आणि परतावे, हा आपला नेहमीचा परिपाठ. त्या देवाच्या नावाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. शंकराच्या आधी जो भीम आहे तो पांडवांपैकी नव्हे. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेतील कथेप्रमाणे तो एक राक्षस आहे. आणि राक्षस तरी कोणाचा, तर कुंभकर्णाचा मुलगा! म्हणजे लंका जिंकली, रावण-कुंभकर्ण पडले, रामराज्य झाले, आणि इतके सगळे होऊनही सह्याद्रीच्या रानात पुन्हा एक राक्षस उभा राहिलाच.

मारलेला राक्षस परत का येतो, हा आजचा प्रश्न आहे. गोष्ट संपल्यावर तिच्यापुढे जी गोष्ट रचली जाते तिला आपण उत्तरकथा म्हणू. श्रोत्याने 'पुढे काय झाले?' असे विचारले की उत्तरकथा जन्मास येते, हे खरे. पण नुसत्या कुतूहलावर ती टिकत नाही. ती टिकते की नुसतीच लांबते, हे कशावरून ठरते, ते पाहिले पाहिजे.

पुराणकाराने केलेली जुळणी पाहण्यासारखी आहे. वाल्मीकिरामायणात कुंभकर्णाचे कुंभ आणि निकुंभ हे दोन पुत्र युद्धकांडातच मारले जातात. तेव्हा पुढची कथा चालवावयाची तर कोणाला ठाऊक नसलेला तिसरा मुलगा शोधणे भाग होते. तो त्याने सह्याद्रीत शोधला. त्याची आई कर्कटी. ती पूर्वी विराध राक्षसाची बायको. त्या विराधाला रामाने मारले. तिचे आईबाप सुतीक्ष्ण मुनींना खावयास गेले आणि मुनींच्या क्रोधाने भस्म झाले. मग कुंभकर्ण आला, त्याने तिच्यावर बळजबरी केली आणि तो लंकेस निघून गेला. विराध आणि सुतीक्ष्ण ही दोन्ही नावे अरण्यकांडातील. जुन्या कथेचे सुटलेले धागे उचलून त्यांचीच नव्या कथेला गाठ मारली आहे.

ह्या कथेतील खरा मर्माचा प्रसंग लढाईचा नाही. मुलगा मोठा होतो आणि आईला विचारतो, "माझा बाप कोण? आपण इथे एकटी का राहतो?" आई सगळे सांगते. रामायणात जे शत्रुपक्षाचे मेले, त्यांच्या घरात मागे काय उरले, ते येथे प्रथम ऐकू येते. त्यानंतरच भीम सूडाची प्रतिज्ञा करतो, तप करून ब्रह्मदेवाकडून अतुल बळ मिळवितो, इंद्राला जिंकतो आणि कामरूपच्या सुदक्षिण राजाला बंदीत टाकतो. ह्या कामरूपामुळेच आसामातील लोक हे ज्योतिर्लिंग आपल्याकडचे मानतात. त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. बंदिवासात राजा मातीचे लिंग करून पूजा करतो, भीम त्यावर तलवार उगारतो आणि शंकर प्रकट होऊन हुंकाराने त्याला जाळतो. पुराणकार भीमाच्या जुलमाचे समर्थन करीत नाही. पण त्याचे दुःख सांगितल्यावाचून त्याला मारीतही नाही.

आपल्याकडे ह्याच डोंगराशी त्रिपुरासुराची दुसरी कथाही जोडलेली आहे. त्रिपुराला मारून दमलेल्या शंकराच्या घामातून भीमा नदी निघाली, असे लोक सांगतात. आता हे त्रिपुर कोणाचे? महाभारताच्या कर्णपर्वात ते तारकाक्ष, कमलाक्ष आणि विद्युन्माली ह्या तिघा भावांचे सांगितले आहे, आणि ते तिघे तारकासुराचे मुलगे. म्हणजे भीमाशंकरच्या दोन्ही कथा मारल्या गेलेल्या बापाच्या मुलांच्या आहेत. दोन्ही उत्तरकथाच!

कोणी म्हणेल, हे पुराणातले झाले. विज्ञानयुगात असे राक्षस कुठले? त्यासाठी जपानकडे पाहावे. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर तेवीस माणसे होती. त्यांपैकी बिनतारी यंत्र चालविणारे कुबोयामा सप्टेंबरात वारले. त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला तोहो कंपनीचा एक चित्रपट पडद्यावर आला. बाँबच्या स्फोटांनी डिवचलेला एक प्रचंड प्राणी समुद्रातून येतो आणि टोकियो जाळतो. दिग्दर्शक इशिरो होंडा हे युद्धानंतर चीनमधून परतताना हिरोशिमाचे भग्नावशेष पाहून आलेले गृहस्थ. त्यांच्या चित्रपटात रुग्णालयात पडलेली माणसे आहेत, रडणारी मुले आहेत. अखेर सेरिझावा नावाचा शास्त्रज्ञ आपल्या भयंकर शोधाने त्या प्राण्याला मारतो आणि तो शोध पुन्हा कोणाच्या हाती पडू नये म्हणून स्वतःही समुद्रतळाशी मरण पत्करतो.

त्या प्राण्याचे जपानी नाव गोजिरा. इंग्रजीने त्याचे गॉडझिला केले. मराठी कानाला 'गोजिरा' हे नाव मोठे लाडके वाटते, आणि गंमत अशी की पुढच्या चित्रपटांनी त्याला खरोखरच गोजिरवाणा करून टाकले.

ते कसे झाले, ते पाहा. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी एक वृद्ध शास्त्रज्ञ बजावतो की स्फोट असेच चालू राहिले तर असा दुसरा प्राणी कुठेतरी निघेल. हा इशारा होता; पण उत्तरकथेला दार उघडे ठेवायलाही तो उपयोगी पडला. सहा महिन्यांच्या आत, एप्रिल 1955 मध्ये, दुसरा गोजिरा ओसाकात शिरला. ह्या खेपेस त्याला मारले नाही, बर्फाखाली गाडले. गाडलेला उकरून काढता येतो! 1962 साली तो बर्फातून निघाला आणि अमेरिकेच्या किंगकाँगशी कुस्ती खेळला. लोकांनी त्या खेळाला अफाट गर्दी केली. 1964 च्या अखेरीस आकाशातून तीन डोक्यांचा नवा शत्रू आला. तेव्हा गोजिराला पृथ्वीच्या रक्षणासाठी बोलावणे गेले आणि त्याने प्रथम नकार दिला: माणसांनी मला नेहमी छळले, त्यांना मी का वाचवू? शेवटी तो लढला. 1967 साली त्याला एक बाळही मिळाले.

जो काळ म्हणून आला तो राखणदार झाला. अशा बदलात मुळातच वाईट असे काही नाही. आपल्या कित्येक ग्रामदेवता आधी भयाच्या आणि मग मायेच्या झाल्या. पण गोजिराच्या बाबतीत एक गोष्ट हरवली. शत्रू वाढले, कुस्त्या वाढल्या, आणि ज्या बोटीवर राख पडली ती बोट मागे राहिली. 1971 साली कारखान्यांच्या घाणीतून जन्मलेला शत्रू आणून एका चित्रपटाने पुन्हा खऱ्या भयाला हात घातला; पण 1975 मध्ये ही पहिली मालिका थांबली.

पुढे काय झाले, ते फार बोलके आहे. 1984 साली तोहोने गोजिराला परत आणले, ते मधल्या सगळ्या उत्तरकथा बाजूस सारून, थेट 1954 च्या चित्रपटाला जोडून. 2011 च्या भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर, 2016 मध्ये, गोजिरा पुन्हा नव्याने जन्मास आला. त्याच्यासमोर बैठकांवर बैठका घेणारे सरकार हतबल होते. 2023 च्या चित्रपटाने तर कथा युद्धानंतरच्या उद्ध्वस्त टोकियोत नेली आणि नायक केला मृत्यूला भिऊन परतलेला एक वैमानिक. त्याला उत्तम दृश्यपरिणामांचे ऑस्कर पारितोषिकही मिळाले. सत्तर वर्षांत तीसहून अधिक चित्रपट झाले. पण जीव आला तो पहिल्या जखमेकडे परत गेल्यावर.

पुराण ही श्रद्धेची वस्तू आहे आणि चित्रपट हा धंदा आहे, हा भेद मी विसरलेलो नाही. तथापि उत्तरकथेची कसोटी दोन्हीकडे एकच दिसते. पहिल्या कथेत कोणाचे काय जळले, हे ती लक्षात ठेवते काय? ठेवीत असेल तर राक्षसाचे परत येणे सार्थ आहे. नसेल, तर तो आखाड्यातला पहिलवान. आज हा, उद्या दुसरा.

भीमाच्या कथेचा शेवट ह्या दृष्टीने पुन्हा वाचावा. राक्षसांची राख रानभर पसरली आणि त्या राखेतून नाना गुणांच्या वनस्पती उगवल्या, असे पुराणकार सांगतो. शंकर तेथेच राहिला. त्याने आपल्या नावाआधी त्या जळालेल्या पोराचे नाव घेतले. जपानची राख माणसे मारून गेली, त्या राखेतून औषध कसे उगवावे, हे विसाव्या शतकाला साधले नाही; आपल्यालाही अजून साधलेले नाही. निदान ती राख पडली होती, एवढे तरी पुढच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी विसरू नये.