‘कू’ आणि ‘कर’

परतवाड्याहून धारणीच्या वाटेला लागलं की सेमाडोहजवळ सिपना नदी भेटते. तिचं नाव अमरावतीत एका अभियांत्रिकी महाविद्यालयालाही आहे. सिपना म्हणजे साग, आणि शब्द मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या भाषेचा. वऱ्हाडात तो रोज उच्चारला जातो, पण त्याचं कूळ विचारलं तर सांगणारे थोडेच.

‘कोरकू’ या नावाची गतही तशीच आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून कोरकू म्हणजे ‘माणसं’. बस, एवढंच. थेट झारखंडात मुंडारी बोलणारा माणसाला ‘होडो’ म्हणतो, संथाळी बोलणारा ‘होड’, आणि अनेकवचनाला ‘को’ लावतो. जुन्या ‘क’चा पूर्वेकडे ‘ह’ झाला; सातपुड्यातल्या कोरकूनं मात्र तो ‘क’ जपला. सहाला संथाळीत ‘तुरुय’ म्हणतात, दहाला ‘गेल’. मेळघाटातही सहा म्हणजे ‘तुरुय’ आणि दहा ‘गेल’च. या सगळ्या भाषांचं कूळ पुढे कंबोडियाच्या ख्मेरपर्यंत आणि व्हिएतनामीपर्यंत पोचतं, आणि कोरकू हे त्याचं पश्चिमेचं शेवटचं टोक आहे. चिखलदऱ्याच्या बाजारात मोहफुलं विकणाऱ्या बाईच्या तोंडी मराठीहून अगदी वेगळ्या मुळाची भाषा आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा आपला जिल्हा मला एकदम मोठा वाटला.

ही भाषा कागदावर आली ती मिशनऱ्यांच्या आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या हातून. जॉन ड्रेकचं कोरकू व्याकरण १९०३ सालचं, आणि ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ चा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये कोरकूंची कुळं नोंदवली. त्यात जांबू आहे, म्हणजे जांभळाचं झाड, आणि कासदा आहे, म्हणजे नदीकाठ. आज शाळेच्या हजेरीपटावर हीच कुळं जांबेकर आणि कासदेकर म्हणून भेटतात. ‘कर’ हा आपला, गावाला लागणारा मराठी प्रत्यय. झाडाच्या आणि नदीकाठाच्या नावाला तो चिकटला आणि नाव मराठी दिसू लागलं. आडनाव वाचून मूळ ओळखावं, तर तेही आता मराठीआड गेलं आहे.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत पूर्व निमाड, बैतूल, होशंगाबाद आणि मेळघाट एकाच प्रांतात होते. त्या दिवशी भाषेच्या तत्त्वावर राज्यं झाली आणि कोरकू मुलूख मधोमध कापला गेला. वरच्या बाजूच्या पोरांना हिंदीची शाळा मिळाली, खालच्या बाजूच्यांना मराठीची. त्याच दिवशी घटनेत कलम ३५० क अमलात आलं. अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यानं सोय करावी, असं ते सांगतं. पुढे मराठीला राज्य मिळालं. कोरकू पोराच्या हाती मात्र मराठीचीच अंकलिपी आली.

भाषा हुकमानंही लादली जाते. सोव्हिएत संघात १३ मार्च १९३८ च्या हुकमानं बिगर-रशियन शाळांमध्ये रशियन सक्तीची झाली. त्याच सुमारास कितीतरी भाषांची लॅटिन लिपी काढून सिरिलिक लादली गेली. २०१८ च्या कायद्यानं रशियातल्या प्रजासत्ताकांमध्ये स्थानिक भाषा शिकणं ऐच्छिक ठरवलं. त्याच्या निषेधार्थ पुढच्या वर्षी १० सप्टेंबरला उदमुर्त भाषेसाठी झटणारे अभ्यासक अल्बर्ट राझिन यांनी इझेव्स्कमध्ये स्वतःला जाळून घेतलं. आपल्याकडे कोरकूविरुद्ध असा हुकूम कोणी काढला नाही, आणि मराठी शाळेनं कोरकू पोरांना अक्षर दिलं, हेही खरं. आईबापांनाही मराठी हवीच आहे. तलाठ्याशी बोलायचं तर मराठीतच, दवाखान्यातही मराठीच. तरी पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्या सहा वर्षांच्या पोराला गुरुजींचं बोलणं कळत नसेल, तर सक्तीचा कागद निघाला काय आणि न निघाला काय? मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली केलपानी, गुल्लरघाट ही गावं अकोला जिल्ह्यात, सपाटीला वसली. तिथं तर शेजारीपाजारीही वऱ्हाडी बोलणारेच.

कोरकूच्याही सावलीत एक भाषा आहे. बुलढाण्याच्या जळगाव जामोद तालुक्यातली निहाली कोणत्याच कुळात बसत नाही. तिच्या शब्दांचा मोठा वाटा कोरकूतून आला आणि आता ती फार थोड्या तोंडांत उरली आहे. म्हणून कोरकूबद्दल बोलताना निहालीला विसरू नये.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीच्या सक्तीचा शासन निर्णय निघाला तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला, आणि २९ जूनला सरकारनं माघार घेतली. लहान पोरावर परकी भाषा लादू नका, हे आपलंच म्हणणं होतं. ते बरोबर होतं, आणि म्हणूनच ते धारणीतही लागू व्हायला हवं.

मराठी भाषा विद्यापीठ अमरावती जिल्ह्यातच, रिद्धपूरला उभं राहिलं आहे. लीळाचरित्राची ती भूमी. महानुभाव पंथाचे केशवराज सूरी संस्कृतात लिहायला निघाले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं, साध्या बायाबापड्यांना ते कळणार नाही म्हणून. त्या परंपरेच्या नावानं चालणाऱ्या विद्यापीठानं कोरकूचा विभाग काढावा, कोरकू बोलणाऱ्या तरुणांना शिक्षक म्हणून घडवावं, आणि मेळघाटातल्या पहिलीच्या पुस्तकात ‘साग’च्या शेजारी ‘सिपना’ छापावं.