गोदीच्या गेटबाहेर

साल 1955 धरा. बसऱ्याहून आलेल्या जहाजातून खारकेचं पोतं मुंबईच्या प्रिन्सेस डॉकच्या धक्क्यावर उतरतंय. ते उतरवताना कुणाचा पाय मोडला तर त्याची कुठेतरी नोंद होते. कारण 1934 साली केलेला गोदी कामगारांचा कायदा, चौदा वर्षं कपाटात राहून का होईना, 1948 मध्ये अमलात आलाय. शिडी, साखळी, क्रेनचा आकडा बघायला इन्स्पेक्टर येतो. तेच पोतं गेटमधून बाहेर पडतं आणि लॉरीत बसून मशीद बंदरला जातं. तिथे उतरवताना पाय मोडला तर? टोळीतले चौघं उचलून जे. जे. रुग्णालयात नेतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी गावाकडचा कुणीतरी पोरगा उभा राहतो.

माझे आजोबा या गेटच्या बाहेरचे. पाटण तालुक्यातून आले, गावकीच्या खोलीत वळकटी टाकली आणि दाणाबंदरच्या टोळीत शिरले. मी भिवंडीत एका गोदामात सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे धंदा तोच. फक्त मी पोतं उचलत नाही, उचलणाऱ्यांवर ओरडतो.

दाणाबंदरचं गोदाम म्हणजे रस्त्यापासून उंचावर बांधलेली जमीन. पावसाचं पाणी आत शिरू नये हा त्यातला पहिला विचार, लॉरीच्या पाट्याशी उंची जुळावी हा दुसरा. ती बरोब्बर कधीच जुळत नसे. लॉरी भरलेली असली की खाली बसते, रिकामी होत गेली की वर येते. मधल्या फटीवर टाकायची ती फळी. रुंदी दीड-दोन फूट, कडेला काही नाही, पावसाळ्यात तिच्यावर चिखल आणि उन्हाळ्यात सांडलेले दाणे. माणूस जाणार तिच्यावरून, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर शंभर किलोंचं पोतं, मान एकाच दिशेला धरलेली. म्हणजे पाय कुठे पडतोय हे त्याला दिसतच नाही. आजोबांच्या टोळीचा नियम होता: फळीवर एका वेळी एकच. दोघं चढले की फळी लचकते, आणि पुढच्याच्या पावलानं मागच्याचा तोल जातो. लॉरीच्या चाकाला दगडाची उटी लावल्याशिवाय पहिलं पोतं उचलायचं नाही, हा दुसरा नियम. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मुकादमाच्या तोंडी होतं, आणि मुकादमाला घाई असली की तेही नसे.

आत पोती रचायचं काम वारणाराचं. थप्पी चढवताना एक थर आडवा, एक उभा, म्हणजे पोती एकमेकांना धरून राहतात. उतरवताना वरून, पायऱ्या करत यायचं. व्यापाऱ्याला खालचाच माल आधी हवा असला की कुणीतरी मधूनच एक पोतं ओढतो आणि थप्पी अंगावर येते. आजोबांच्या गप्पांत फळीवरून पडलेले पुष्कळ होते. थप्पीखाली गेलेल्यांची नावं मात्र ते घेत नसत.

गेटच्या आत कायदा आधी का पोचला? एक कारण जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं. जहाजावरच्या चढ-उताराच्या अपघातांबद्दल 1929 आणि 1932 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाले, आणि जहाजं देशोदेशी फिरत असल्यानं सरकारांना ते अगदीच टाळता आले नाहीत. दुसरं, गोदीतल्या कामगारांची एकजूट; त्यांचे नेते पी. डिमेलो यांचं नाव आज रस्त्याला आहे ते उगाच नाही. 14 एप्रिल 1944 चा व्हिक्टोरिया डॉकचा स्फोटही विसरता येत नाही. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला, चारनंतर जहाज उडालं. आज त्या तारखेला देशभर अग्निशमन दिन पाळतात, जवानांना मानवंदना देतात, ते योग्यच आहे. गोदीत मेलेल्या हमालांसाठी वेगळा दिवस कुणी ठेवला नाही. पुढे 1948 चा रोजगार नियमनाचा कायदा आला, 1951 मध्ये मुंबईला डॉक लेबर बोर्ड आलं, आणि टोळीवाल्याच्या मर्जीवर रोज उभं राहणं बऱ्याच अंशी संपलं.

बाहेर मात्र एकच प्रश्न अडलेला होता: मालक कोण? नुकसानभरपाईचा कायदा 1923 पासून होता. पण व्यापारी म्हणे, मी मुकादमाला पैसे देतो, माणसं त्याची. मुकादम म्हणे, मीही हमालच, मी कुठला मालक? लॉरीवाला म्हणे, माझं भाडं झालं, मी चाललो. मोडलेला पाय ज्याच्या खात्यावर लिहायचा ते खातंच नव्हतं. एक माणूस दिवसात चार पेढ्यांचा माल चढवी, आणि चारही पेढ्यांच्या वह्यांत तो फक्त ‘हमाली’ या खर्चापुरता असे.

माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटलांनी नेमकं हेच धरलं. तेही पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, स्वतः अंगमेहनत केलेले. त्यांच्या युनियनच्या लढ्यांनंतर 1969 चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. गोदीच्या 1948 च्या कायद्यानंतर एकवीस वर्षांनी. त्यातली युक्ती मला अजून थोर वाटते: मालक शोधत बसू नका, मध्ये बोर्डच उभं करा. सरकार, मालक आणि कामगार, तिघांचे प्रतिनिधी त्यात. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस. आणि नोंदणी झालेल्या कामगाराला नुकसानभरपाईचा कायदा लागू. कायद्याच्या उद्दिष्टांतच आरोग्य आणि सुरक्षितता हे शब्द आहेत.

शब्द आहेत, पण फळी तशीच राहिली. हे आजोबांचं मत, आणि माझंही. बोर्डानं पगार नियमित केला, पुढे कोपरखैरणेला दवाखाना आणि घरं दिसली; पण दीड फुटाच्या फळीला कठडा कुणी लावला नाही. फरक पडला तो वजनात. 1967 मध्ये जिनिव्हातच माणसानं उचलायच्या ओझ्याबद्दल करार झाला, सोबतच्या शिफारशीत 55 किलोंची मर्यादा सुचवली. भारतानं त्या करारावर मान्यतेची मोहोर उठवली 2010 मध्ये. तोवर पुण्याच्या हमाल पंचायतीनं बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली, आणि मुंबईतल्या माथाड्यांनीही, पोत्याचं वजन खाली आणा ही मागणी लावून धरली होती. शंभराचं पोतं हळूहळू पन्नासावर आलं. आजोबांनी तोपर्यंत काम सोडलं होतं. त्यांना ते कळल्यावर हसून म्हणाले, ‘‘आता शेट एका खेपेला दोन टाकायला सांगल.’’ काही ठिकाणी तसं झालंही.

दाणाबंदरचा बाजार वाशीला गेला, गोदामं भिवंडीला. मानकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे: भातशेतीच्या जागी पत्र्याच्या शेडी. 2017 च्या जीएसटीनंतर तर मोठमोठी उभी राहिली. आमच्याकडे आता फळीच्या जागी डॉक लेव्हलर आहे, बटण दाबलं की पोलादी पाटा वर येऊन गाडीच्या तळाला टेकतो. पोत्याऐवजी पॅलेट, माणसाऐवजी फोर्कलिफ्ट. धोका मात्र त्याच फटीत आहे. फोर्कलिफ्ट गाडीच्या आत असताना गाडीच्या ड्रायव्हरला वाटतं झालं भरून, आणि तो गाडी पुढे घेतो. म्हणून मी चावी काढून घेतो. डॉकवर खिळ्याला टांगायची, शटर उतरल्यावरच परत. ड्रायव्हर भांडतात, केबिनचा पंखा बंद पडतो, मे महिन्यात त्यांचं म्हणणं खोटं नसतं. शेवटी विश्रांतीसाठी एक खोली मागून घेतली, तेव्हा भांडण कमी झालं.

भिवंडीत माथाडीच्या नावावर खंडणी मागणाऱ्यांच्या टोळ्याही आहेत. त्यांचं निमित्त करून बरेच गोदामवाले खऱ्या बोर्डालाही दूर ठेवतात आणि ठेकेदाराची माणसं घेतात. ठेकेदार पुढे आणखी कुणाला काम देतो. मागच्या पावसाळ्यात एका पोराची बोटं पॅलेट आणि डॉकच्या रबरामध्ये सापडली. अपघाताच्या फॉर्मवर मालकाचं नाव लिहायचा रकाना असतो. मी तिघांना फोन केले. तिघांनीही दुसऱ्याचं नाव सांगितलं. मी तिन्ही नावं लिहून फॉर्म पाठवून दिला.