पुण्याचं पाणी जड कधीपासून झालं?

"डॉक्टर, आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं. त्यानं मुतखडा होईल का?" वाघोली, उंड्री, पिसोळी, सूस या भागांत राहायला गेलेल्या कुटुंबांकडून हा प्रश्न हमखास येतो. पेठेत लहानाचं मोठं झालेल्या माणसाला तो सहसा पडत नाही. असं का, हे समजायला पुण्याच्या पाण्याचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

हौदांपासून नळापर्यंत

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणलं गेलं. मधे मधे हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास होते. पाणी शनिवारवाड्यापर्यंत पोचे आणि वाटेतल्या हौदांत पडे. वाड्यांमध्ये विहिरीही होत्या. पुढे 1870 च्या दशकात इंग्रज सरकारने मुठेवर खडकवासल्याचं धरण बांधलं आणि शहर हळूहळू नळाकडे वळलं.

कात्रजचं काय किंवा खडकवासल्याचं काय, दोन्ही पाणी मुळात डोंगरावर पडलेल्या पावसाचं. ते उतारावरून वेगाने वाहत येतं, खडकात मुरून राहत नाही. त्यामुळे त्यात क्षार कमी असतात आणि साबणाला भरपूर फेस येतो. पुण्याच्या पाण्याला पुणेकर 'गोडं' म्हणत आले त्यामागे हे साधं कारण आहे.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि नळ कोरडे पडले. तेव्हा लोकांना पुन्हा विहिरी-हौदांकडे वळावं लागलं. पण ती वेळ तात्पुरती होती.

बोअर आलं

1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात कठीण खडकात बोअर घेण्याला मोठा वेग आला. गावोगाव हातपंप बसले. देशभर पसरलेल्या 'इंडिया मार्क टू' या हातपंपाचा मूळ आराखडा आपल्याच 'सोलापूर पंपा'वरून घेतलेला आहे. खेड्यांसाठी आलेलं हे तंत्र पुढे शहराच्या कडेला वाढणाऱ्या इमारतींनी उचललं. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली. हद्द झपाट्याने वाढली, जलवाहिन्या तेवढ्या वेगाने पोचल्या नाहीत. मधलं अंतर बोअर आणि टँकरने भरून काढलं.

आपल्या पायाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांत पाणी दीर्घकाळ साचून राहतं आणि खडकातलं कॅल्शियम व मॅग्नेशियम त्यात विरघळतं. शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन' पाणी म्हणत. नाव अगदी बरोबर आहे. थॉमस क्लार्क या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने 1841 च्या सुमारास पाण्याचा जडपणा मोजायची पद्धत काढली, ती साबणाचीच होती: फेस टिकायला साबण जितका जास्त लागेल, तितकं पाणी जड. आज प्रयोगशाळा हे मिलिग्रॅममध्ये सांगते. भारतीय मानकानुसार लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत योग्य, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं.

घरात काय दिसतं?

बादलीला पांढरा थर बसतो, गीझरची कॉइल जाते, शॉवरची भोकं बुजतात, चहावर तवंग येतो. तूरडाळ शिजता शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. डाळ-भातासाठी गाळणयंत्राचं, कमी क्षाराचं पाणी वापरलं की प्रश्न सुटतो. तुरटी फिरवून जडपणा जात नाही. तुरटी गढूळपणा खाली बसवते, एवढंच.

मुतखड्याचं काय?

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. पाण्यात कॅल्शियम आहे, खड्यातही कॅल्शियम आहे, मग पाण्यानेच खडा झाला, हा तर्क पटण्यासारखा वाटतो. डॉक्टरही बरीच वर्षं खड्याच्या रुग्णाला दूध बंद करायला सांगत. 1993 मध्ये अमेरिकेत 45 हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत उलटंच दिसलं: आहारात कॅल्शियम जास्त असणाऱ्यांना खडे कमी झाले. कारण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधतं आणि ते शौचावाटे निघून जातं. जड पाणी आणि मुतखडा यांचा ठाम संबंध अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही.

खड्यावर खरा परिणाम होतो तो पाण्याच्या प्रमाणाचा. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात, पहिला खडा होऊन गेलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं. पाच वर्षांत त्यांच्यातल्या 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत 27 टक्क्यांना. बोअरचं पाणी मचूळ लागतं म्हणून कमी पाणी पिणारे रुग्ण मला भेटतात, आणि मला काळजी त्यांची वाटते.

त्वचा आणि केस

जड पाण्यात साबणाचा चिकट साका अंगावर राहतो, त्वचा कोरडी पडते, केस राठ होतात. इंग्लंडमध्ये 1998 च्या पाहणीत जड पाण्याच्या भागातल्या शाळकरी मुलांत एक्झिमा जास्त आढळला. पण 2011 मध्ये 336 मुलांवरच्या चाचणीत घरी सॉफ्टनर बसवून एक्झिमा अधिक बरा झाला नाही. तेव्हा त्यासाठी खर्च करण्याआधी साबण कमी करा आणि आंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर लावा. केस मूठमूठ गळत असतील तर पाण्याला दोष देऊन थांबू नका. रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासा.

दोन गोष्टी मात्र नक्की पाहा

पहिली, सोडियम. मिठावर चालणारा सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. 400 मिलिग्रॅम जडपणाच्या पाण्यात अशाने लिटरमागे सुमारे 184 मिलिग्रॅम सोडियम येतं. असं पाणी तीन लिटर प्यायलात तर साडेपाचशे मिलिग्रॅम झालं. दिवसाची मर्यादा 2000 आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर सॉफ्टनरचं पाणी आंघोळ-कपड्यांना ठेवा, पिण्याची सोय वेगळी करा. अशा रुग्णांनी किती पाणी प्यायचं हेही आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

दुसरी, जंतू. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागांत जीबीएसची साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण झाले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. महापालिकेने काही खासगी आरओ केंद्रंही बंद केली. म्हणजे जारचं पाणी गोड लागतं, थर सोडत नाही, म्हणून ते निर्जंतुक असतंच असं नाही. जडपणा डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाहीत.

सोसायटीच्या बोअरची आणि टँकरच्या पाण्याची रासायनिक व जंतूंची अशी दोन्ही तपासणी वर्षातून दोनदा करून घ्या, त्यातली एक पावसाळ्यात. अहवालात जडपणाबरोबर नायट्रेट आणि कोलिफॉर्म हे आकडेही पाहा. शंका असेल तर पाणी खळखळ उकळा. भांड्याच्या तळाला पांढरा थर बसेल, तो खडूसारखाच क्षार आहे. लिंबाच्या फोडीने घासला की निघतो.